विस्थापित आणि निर्वासित कुटुंबांसाठी निधी उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे युद्ध पेटलं, गावंच्या गावं रिकामी झाली, की आमच्या छोट्या गटाकडे प्रश्नांची रीघ लागते. गेली काही वर्षं आम्ही अशा कुटुंबांसाठी देणग्या गोळा करतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि ते रास्तच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकमेकांशी जोडलेल्या गोष्टींसाठी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निर्वासित आणि विस्थापित यांत फरक काय? देणगी देणाऱ्याला त्याचं काय?

छळाच्या किंवा युद्धाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडून गेलेला माणूस निर्वासित. घर सोडावं लागलं, पण देशातच दुसरीकडे आसरा घेतला, तो अंतर्गत विस्थापित. निर्वासितांसाठी १९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल आहे. जिथे छळाचा धोका आहे तिथे त्यांना परत धाडता येत नाही. विस्थापितांसाठी असा जागतिक करार नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती कायद्याने बांधून ठेवत नाहीत. आफ्रिकेतल्या देशांनी मात्र २००९ मध्ये कंपाला इथे स्वतःचा बंधनकारक करार केला.

२०२४ च्या अखेरीस जगात १२.३२ कोटी लोक बळजबरीने घराबाहेर पडलेले होते आणि त्यांतले ७.३५ कोटी स्वतःच्याच देशात होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक दुसऱ्या गटातले. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर अनेकदा लढाई चालू असलेल्या भागातून, त्यांच्याच देशाच्या सरकारच्या परवानगीने जावं लागतं. मदतीला वेळ लागतो, खर्चही जास्त येतो. सीमेपलीकडच्या छावणीत कॅमेरे पोहोचतात, इथे क्वचितच. त्यामुळे देणगी देण्याआधी संस्थेला एवढं जरूर विचारा: तुमची माणसं सीमेच्या कोणत्या बाजूला आहेत?

२. ‘मूलभूत गरजा’ म्हणजे नेमकं काय? अन्न आणि तंबू एवढंच ना?

मदतकार्यातल्या संस्था ‘स्फिअर’ नावाची मानकं वापरतात. त्यांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरलं आहे, पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि अंगाच्या स्वच्छतेसाठी मिळून. अन्न माणशी दिवसाला साधारण २,१०० किलोकॅलरी. डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला साडेसतरा. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि पहिली धावपळ ओसरली की २० जणांमागे एक शौचालय हवं. अंघोळीचा साबण महिन्याला माणशी २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम, इथपर्यंत हिशेब आहे. हे आकडे मी मुद्दाम देतो. निधीचं आवाहन लिहिताना ‘मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘या कुटुंबाला रोज ७५ लिटर पाणी लागतं’ म्हटलं, तर वाचणाऱ्याला पैसा कुठे जाणार ते कळतं.

यादीत हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. पाळीच्या काळात लागणारं साहित्य, रात्री शौचालयापर्यंत जाण्यापुरता दिवा, दाराला आतून कडी, फोन चार्ज करण्याची सोय (ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा शोध फोनवरच चालतो), हरवलेली जन्मनोंद पुन्हा मिळवण्याचा खर्च. आणि घरभाडं. बहुतेक निर्वासित छावणीत राहतच नाहीत. ते गावात, शहरात, मिळेल त्या खोलीत राहतात आणि त्यांचा सगळ्यात मोठा खर्च भाड्याचा असतो.

३. आम्ही जुने कपडे, भांडी, खेळणी गोळा केली आहेत. कुठे पाठवू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर ऐकून लोक सर्वांत जास्त दुखावतात. शक्यतो कुठेही पाठवू नका.

सुरुवातीला आम्हीही कपडेच गोळा केले होते. खोली छतापर्यंत भरली. निवडायला बसलो तेव्हा फाटके, मळके, एकेकटे बूट आणि त्या हवेत कोणीही घालणार नाही असे कपडे यांचाच ढीग मोठा निघाला. उरलेले नीट बांधले, तर वाहतुकीचा खर्च त्यांच्या किमतीच्या वर गेला. देणाऱ्यांच्या मनात माया होती, यात शंकाच नाही. पण त्या पैशात तिथल्याच बाजारातून नवे, मापाचे कपडे घेता आले असते आणि तिथल्या दुकानदाराच्या हातात चार पैसे पडले असते.

दूरवर हेच फार मोठ्या प्रमाणावर होतं. न मागता आलेले खोके बंदरात आणि विमानतळावर जागा अडवतात, ट्रक अडवतात, आणि ते निवडायला माणसं गुंततात. त्याच ट्रकमधून पाण्याच्या टाक्या जायच्या असतात.

वस्तूंना जागा आहे, पण अटींवर: तिथे काम करणाऱ्या संस्थेने लेखी यादी दिली आहे, वस्तू नव्या आणि एकसारख्या आहेत, तिथे त्या मिळत नाहीत, आणि पोहोचवण्याचा खर्च कोण करणार हे आधी ठरलं आहे. विस्थापित कुटुंबं तुमच्याच परिसरात येऊन राहिली असतील, तर गोष्ट निराळी. तिथे जाऊन विचारा आणि लागेल तेच द्या. आधीच गोळा झालेल्या वस्तूंचं काय, तर जवळपास विकून त्याचे पैसे निधीत घाला आणि देणाऱ्यांना तसं मोकळेपणाने कळवा.

४. आणि बाळांसाठी दुधाची पावडर? औषधं?

दोन्ही नको. अगदी स्पष्टपणे नको.

पावडरीला स्वच्छ पाणी, उकळण्याची सोय आणि निर्जंतुक भांडं लागतं. छावणीत नेमकं तेच नसतं. मे २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भागात भूकंप झाला, त्यानंतरची पाहणी डोळे उघडणारी आहे: दान आलेली पावडर मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण, ती न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त होतं. ज्या बाळांना खरोखर वरचं दूध लागतं, त्यांच्यासाठी आरोग्यसेवक तपासून, देखरेखीखाली सोय करतात. आईला पोटभर अन्न, पाणी आणि आडोशाची जागा मिळावी म्हणून पैसे देणं, ही बाळासाठीची उत्तम देणगी.

औषधांचं असं, की १९९२ ते १९९६ या काळात बॉस्निया-हर्झेगोविनात आलेल्या दान औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी ठरल्याचा अंदाज आहे. मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, भलत्याच आजारांची. ती नष्ट करण्याचा भुर्दंड वेगळा. घरातली उरलेली औषधं कोणत्याही आवाहनात स्वीकारू नका.

५. पण हातात पैसे दिले तर लोक ते भलत्याच गोष्टींवर उडवणार नाहीत का?

हा प्रश्न विचारताना लोक जरा चाचरतात. चाचरू नका. शंका मनात ठेवून दिलेली देणगी पुढच्या वेळी येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यांना आढळलं नाही. लेबनॉनमधलं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. २०१३-१४ च्या हिवाळ्यात डोंगराळ भागातल्या सीरियन कुटुंबांना थंडीसाठी, म्हणजे इंधन आणि गरम कपडे घेण्यासाठी, रोख रक्कम दिली होती. पाहणीत दिसलं, की पैशाचा मोठा भाग अन्न आणि पाण्यावर गेला. लोक थंडी सोसत होते, कारण त्याआधी ते उपाशी होते. देणाऱ्याला थंडी दिसली होती, भूक दिसली नव्हती. त्या पाहणीनुसार दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे लेबनॉनच्या अर्थव्यवस्थेत २.१३ डॉलरची भर पडली.

रक्कम मनाला येईल तशी ठरत नाही. त्या भागात महिन्याला जगायला किमान किती लागतं याची यादी करतात, तिथल्या बाजारभावाने तिची बेरीज करतात, आणि कुटुंब स्वतः जेवढं भागवू शकतं तेवढं वजा करतात. योग्य माणसालाच पैसे मिळावेत म्हणूनही सोयी आहेत. जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासित एटीएमसमोर बुबुळाची ओळख पटवून पैसे काढतात, कार्डाची गरज पडत नाही.

रोख रक्कम कुठे चालत नाही? जिथे बाजारच उद्ध्वस्त झाला आहे, किंवा माल येणंच बंद आहे. तिथे पैसे वाटले तर फक्त भाव चढतात. अशा वेळी धान्य, पाणी, ताडपत्री हेच द्यावं लागतं.

६. संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण झालेला वार्षिक हिशेब, या दोन गोष्टी सहज सापडल्या पाहिजेत. मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर पुढे जाऊ नका. खातं संस्थेच्या नावावर हवं, पदाधिकाऱ्याच्या नाही. संस्था त्या भागात आधीपासून आहे का, की घटना घडल्यावर आठवड्यात उगवली, तेही पाहा. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. संदेशातून आलेल्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, कारण मोठ्या संस्थांच्या नावाची हुबेहूब नक्कल होते.

माझी स्वतःची एक कसोटी आहे. संस्थेला विचारतो, ‘मागच्या कामात काय चुकलं?’ जी संस्था याचं नीट उत्तर देते, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

७. प्रशासकीय खर्च किती टक्के असला तर चालेल? शंभर टक्के पैसा कुटुंबापर्यंतच जावा असं वाटतं.

वाटणं साहजिक आहे. पण यादी करणारा, ट्रक चालवणारा, तक्रार ऐकून घेणारा, हिशेब लिहिणारा, यांच्याशिवाय धान्याचं पोतं दारात पोहोचत नाही. ‘शंभर टक्के पोहोचवतो’ म्हणणाऱ्याचा खर्च कुणीतरी दुसरा भरत असतो, किंवा ते खरं नसतं. अमुक टक्के म्हणजे चांगलं, असा एकच आकडा मी सांगणार नाही. दुर्गम, धोक्याच्या भागातलं काम महागच असतं. खर्च कशावर झाला ते समजेल अशा भाषेत लिहिलं आहे का, ते पाहा.

८. आम्हा मित्रमंडळींना निधी उभारायचा आहे. सुरुवात कुठून करू?

पैसे मागण्याआधी ते कुणाला देणार हे ठरवा. बहुतेक गट उलटं करतात: आधी गोळा, मग शोधाशोध. तोवर महिना जातो आणि देणारे विचारू लागतात.

तर आधी संस्था निवडा (प्रश्न ६), तिच्याशी बोला, त्यांना आत्ता कशाची चणचण आहे ते विचारा आणि तेवढंच आवाहनात लिहा. शक्य असेल तर पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या हाताला पैसा लागलाच नाही, तर अर्धी डोकेदुखी कमी. गटाकडे जमा करायचेच असतील, तर वेगळं खातं उघडा, व्यवहाराला दोघांच्या सह्या ठेवा आणि प्रत्येक रकमेची पावती द्या, कितीही लहान असली तरी. कुणाच्या घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळू देऊ नका, तो माणूस देवमाणूस असला तरी. उद्या त्याच्यावर बोट उठलं तर सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसेल. निधी उभारण्याचे, करसवलतीचे आणि देशाबाहेर पैसा पाठवण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते आपल्या देशातल्या हिशेबनिसाकडून आधीच समजून घ्या.

आवाहनात चार गोष्टी हव्यात: कुणासाठी, कशासाठी, किती, आणि कधीपर्यंत. पाचवी लोक विसरतात: रक्कम कमी किंवा जास्त जमली तर काय करणार (प्रश्न १३).

मग प्रत्यक्ष बोला. शंभर जणांच्या समूहात टाकलेल्या संदेशाला जेवढं मिळत नाही, तेवढं दहा जणांना स्वतः फोन केल्यावर मिळतं. आणि पैसे पोहोचल्यावर पुन्हा कळवा. मागताना दहा संदेश आणि पोहोचल्यावर एकही नाही, असं झालं की पुढच्या वेळी माणसं फोन उचलत नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

९. माझी देणगी अगदी छोटी आहे. त्याने काय होणार?

दरमहा येणारी छोटी रक्कम एकदाच येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा संस्थेच्या जास्त कामी येते. पुढच्या महिन्यात पाण्याचा टँकर लावता येईल की नाही, हे तिच्यामुळे आधी कळतं. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, यूएनएचसीआर, हीसुद्धा जवळजवळ सगळी ऐच्छिक देणग्यांवरच चालते.

१०. आवाहनात रडणाऱ्या मुलांचे फोटो टाकावेत का? त्याशिवाय लोक देत नाहीत.

रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये आचारसंहिता केली. तिचं शेवटचं, दहावं कलम याच विषयावर आहे: प्रसिद्धी करताना आपत्तीग्रस्तांना असहाय वस्तू म्हणून दाखवू नये, सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवावं.

याला व्यवहाराची बाजूही आहे. छळामुळे पळून आलेल्या कुटुंबाचा चेहरा, गाव आणि आडनाव जाहीर झालं, तर मागे राहिलेल्या नातेवाइकांवर बेतू शकतं. म्हणून फोटो हवाच असेल तर मोठ्या माणसाची, त्याच्या भाषेत समजावून घेतलेली परवानगी हवी. ‘नाही’ म्हटलं तरी मदत मिळणारच, हे त्याला आधी सांगायला हवं. रांगेत उभा असलेला माणूस नाही कसं म्हणेल? आम्ही मुलांचे चेहरे वापरतच नाही. काम करणारे हात, चूल, पाण्याचे कॅन, भिंतीवर टांगलेलं दप्तर असे फोटो वापरतो. देणग्या त्यामुळे थांबल्या नाहीत.

११. एका निर्वासित कुटुंबाने मला थेट संदेश पाठवला आहे. त्यांनाच पैसे पाठवू का?

संदेश खरा असू शकतो, आणि फसवणूकही. दुसऱ्याचे फोटो उचलून अशी खाती चालवली जातात. फोटो शोधयंत्रात टाकून आधी कुठे आला आहे का पाहा. ‘आजच्या आजच’ अशी घाई असेल, किंवा रक्कम तिसऱ्याच माणसाच्या नावाने मागितली असेल, तर थांबा. ओळखपत्राचे फोटो मात्र त्यांच्याकडून मागू नका. ती माणसं खरी असतील, तर ते कागद भलत्या हाती पडणं त्यांनाच महागात पडेल.

खरं कुटुंब असलं तरी माझा सल्ला हाच, की त्यांना त्या भागातल्या मदत केंद्राशी किंवा यूएनएचसीआरच्या नोंदणीशी जोडून द्या. तिथे त्यांची नोंद झाली, तर मदत तुमच्या एका रकमेवर अवलंबून राहत नाही. ते कुटुंब तुमच्या प्रत्यक्ष ओळखीचं असेल, तर मनमोकळेपणाने द्या. फक्त ते वैयक्तिक नातं आहे हे लक्षात ठेवा आणि त्यासाठी गटाचा निधी वापरू नका.

१२. एका मोठ्या देणगीदाराची अट आहे: पैसे फक्त अमुक धर्माच्या कुटुंबांनाच मिळावेत. काय करू?

नाही म्हणा. प्रश्न १० मधल्याच आचारसंहितेचं दुसरं कलम सांगतं, की मदत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व न पाहता, फक्त गरजेनुसार द्यायची. एका ओळीतल्या दोन तंबूंपैकी एकाला पोतं मिळालं आणि दुसऱ्याला नाही, तर त्या रात्री छावणीत काय होतं, याची कल्पना करून पाहा.

‘पाण्यासाठीच वापरा’ किंवा ‘शाळेसाठीच’ अशी अट चालते, पण संस्थेला आधी विचारून. माझं मत विचाराल तर अट न घालता द्यावं. ठरावीक कामापुरता बांधलेला पैसा गरज बदलली तरी हलवता येत नाही. आसपासच्या गरीब यजमान कुटुंबांनाही मदतीत सामील करा, असं संस्थाच सांगत असेल तर ती अट समजू नका. त्याच विहिरीवर दोघांचा भार पडलेला असतो.

१३. ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले, किंवा पोहोचवताच आले नाहीत तर?

आवाहनात आधीच लिहिलं असेल (प्रश्न ८), तर काही अडत नाही: ‘जास्त जमले तर याच संस्थेच्या याच भागातल्या कामाला जातील.’ लिहिलं नसेल, तर देणगीदारांना कळवून विचारा, ठरावीक दिवस वाट पाहा, आणि ज्यांना परत हवेत त्यांचे परत करा. परस्पर दुसऱ्या कामाला वळवू नका, ते काम कितीही चांगलं असलं तरी.

रक्कम कमी पडली तरी जमेल तेवढी वेळेत पाठवा. आकडा पुरा होण्याची वाट पाहत पैसे खात्यात पडून राहिले, तर हिवाळा थांबत नाही.

१४. बातम्या थांबल्या की देणग्याही आटतात. वर्षानुवर्षं कसं टिकवायचं?

केनियातली दादाब छावणी १९९१ मध्ये उभी राहिली. तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले, तेव्हा जगभर त्याची चर्चा होती. २०२३ मध्ये निधी आटला आणि तिथला अन्नमदतीचा दर माणशी महिना १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आला. माणसं तीच, भूक तीच होती. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध सुरू झालं. २०२४ च्या अखेरीस १.४३ कोटी सुदानी लोक विस्थापित होते. तुमच्या ओळखीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून पाहा.

आम्ही तीन गोष्टी करतो. एकरकमी देणाऱ्यांना दरमहा थोडं देण्याची विनंती करतो. दर तीन महिन्यांनी एक पानाचं पत्र पाठवतो, त्यात पैसे मागत नाही. आणि मोठी बातमी येते तेव्हा जमलेल्यातला काही भाग संस्थेच्या परवानगीने बातमीत नसलेल्या भागासाठी ठेवतो, अर्थात आवाहनातच तसं लिहून.

१५. निर्बंध असलेल्या देशात मदत पाठवायची आहे, पण बँकेने पैसे अडवले. ओळखीच्या माणसाहाती रोख पाठवू का?

पाठवू नका. हेतू चांगला असूनही तुम्ही आणि तो माणूस, दोघंही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकता. वाटेत पैसे गेले तर देणगीदारांना दाखवायला काहीच उरत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २६६४ केला. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट दिली. पण देशांचे स्वतःचे निर्बंध वेगळे असतात, आणि बँका धोका नको म्हणून नियमापेक्षाही जास्त सावध वागतात. म्हणून अशा भागासाठी गटाने स्वतः पैसे पाठवण्याचा खटाटोप करू नये. ज्या संस्थेकडे तिथे काम करण्याची परवानगी आणि पैसे नेण्याचा ठरलेला मार्ग आहे, तिलाच आपल्या देशातल्या खात्यात द्यावेत. बँकेने अडवलेली रक्कम सहसा परत येते. कारण लेखी मागा, आवाहनाची प्रत आणि संस्थेचं पत्र जोडा, आणि उशीर का होतो आहे ते देणगीदारांना त्याच दिवशी कळवा.